मेरीच्या हाती आलेला कागद

सातारा, १८ जानेवारी

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोन ठेवताना तू म्हणालीस, की ‘डाउन्टन अ‍ॅबी’ या इंग्रजी मालिकेची सहाच्या सहा पर्वे पाहूनही आई मेरीचीच बाजू घेते याचे तुला नवल वाटते. त्या वेळी बाबा जेवायला खोळंबले होते आणि मलाही नेमके शब्द सापडेनात, म्हणून मी विषय सोडून दिला. पण मनातून तो गेला नाही. तुझ्या लीड्सच्या घरातल्या मैत्रिणी एकमुखाने मेरीच्या बहिणीच्या, एडिथच्या, बाजूने आहेत आणि मेरीला त्या गर्विष्ठ, हिशेबी व निष्ठुर म्हणतात, हे मला ठाऊक आहे. त्यातले काही खरेही आहे. तरीही मला जे दिसले ते तुला सविस्तर सांगावे, म्हणून हे लिहीत आहे.

तू पहिला दोष दिलास तो अगदी पहिल्या भागातला. १९१२ सालचा एप्रिल महिना आहे, सकाळी इस्त्री फिरवलेले वर्तमानपत्र मेरीचे वडील रॉबर्ट, म्हणजे लॉर्ड ग्रँथम, यांच्यापुढे येते, त्यात टायटॅनिक बुडाल्याची बातमी असते आणि पाठोपाठ तार येते, की घराण्याचा वारस जेम्स क्रॉली आणि त्याचा मुलगा पॅट्रिक हे दोघेही त्या बोटीवर होते. पॅट्रिकशी मेरीचे लग्न ठरल्यासारखेच होते, आणि तिची पहिली काळजी ही, की आता आपल्याला पूर्ण सुतकाचे काळे कपडे घालावे लागणार का. तू म्हणतेस, यावरूनच तिची पारख होते. मी तो प्रसंग दोनदा पाहिला. त्या मुलीने पॅट्रिकला कधी पसंत केलेच नव्हते. घर घरातच राहावे म्हणून तिला त्याच्या गळ्यात बांधायचे ठरले होते. ज्याच्यासाठी मन तयार नव्हते, त्याच्यासाठी रडण्याचे सोंग तिने केले नाही, एवढेच. एडिथचे पॅट्रिकवर प्रेम होते आणि तिचे अश्रू खरे होते, हे मी मान्य करते. पण मेरीचे न रडणेही खरे होते.

त्या घराचा कायदा एकदा नीट लक्षात घेतला, की मेरीकडे बघण्याची दृष्टी बदलते. रॉबर्टला तीन मुली, मुलगा नाही. अर्ल हा किताब आणि त्याला बांधलेली सगळी इस्टेट पुरुष वारसाकडेच जायची. म्हणजे थोरली मुलगी घरात जन्मली, वाढली, घोड्यावर बसायला तिथेच शिकली, तरी त्या घराची एक वीटही तिची नाही. आणि मँचेस्टरमध्ये वकिली करणारा, तिने कधी न पाहिलेला एक लांबचा भाऊबंद मॅथ्यू मात्र उद्या येऊन मालक होणार. शिवाय मेरीच्या आईने, कोराने, अमेरिकेतून आणलेला पैसा सासऱ्यांनी लग्नाच्या वेळीच करार करून इस्टेटीत असा गुंतवून टाकला होता, की आईचा पैसाही मुलींना वेगळा काढून देता येऊ नये. हे केवळ मालिकेसाठी रचलेले नाही. त्या काळात अमेरिकेतल्या धनिकांच्या मुली इंग्लंडमधल्या कर्जात बुडालेल्या वाड्यांत सून म्हणून आल्या आणि त्यांच्या माहेरच्या पैशावर छपरे दुरुस्त झाली. कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट हिचे १८९५ साली ड्यूक ऑफ मार्लबरोशी झालेले लग्न हे त्यातले सर्वांत गाजलेले. ज्या हायक्लेअर कॅसलमध्ये या मालिकेचे चित्रीकरण झाले, तिथली लेडी अल्मिना हीसुद्धा रॉथ्सचाइल्डांचा पैसा घेऊनच कार्नार्व्हन घराण्यात आली होती. पहिल्या महायुद्धात तिने त्याच घरात जखमी सैनिकांसाठी रुग्णालय चालवले आणि तिच्या नवऱ्याने तुतनखामेनच्या थडग्याच्या उत्खननाला पैसा पुरवला. (कथेतले डाउन्टन तुझ्या यॉर्कशरमध्ये असले, तरी हायक्लेअर दक्षिणेला हॅम्पशरमध्ये आहे. तिकीट काढण्यापूर्वी एवढे लक्षात ठेव.)

तुझा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मॅथ्यूने मागणी घातली तेव्हा मेरीचे त्याच्यावर प्रेम होते, तरी तिने उत्तर लांबवले. कारण कोराला दिवस गेले होते, आणि मुलगा झाला असता तर मॅथ्यूचा वारसा संपला असता. आत्या रोझमंडने थांबायला सांगितले आणि ती थांबली. हा हिशेबीपणाच होता. शिवाय तिच्या बिछान्यात मेलेल्या त्या तुर्की पाहुण्याचे, पामुकचे, गुपित तिच्या मनात सलत होते आणि ते सांगितल्याशिवाय होकार द्यायला मन धजत नव्हते, हेही विसरू नकोस. पुढे दासी ओब्रायनने टाकलेल्या साबणाच्या वडीवरून कोरा घसरली, होणारा मुलगा गेला, मॅथ्यूने मागणी परत घेतली आणि १९१४ च्या ऑगस्टमध्ये बागेतल्या मेजवानीत युद्धाची बातमी आली. मेरीने घर आणि माणूस दोन्ही राखायला पाहिले आणि त्या दिवशी दोन्ही तिच्या हातून निसटली. मला तिचा राग आला नाही. ज्या मुलीला लग्नाखेरीज छप्पर मिळवण्याचा दुसरा मार्गच ठेवलेला नाही, तिने लग्नात हिशेब केला तर तो दोष एकट्या तिच्या माथी मारता येत नाही.

हे मी एवढ्या ठामपणे का म्हणते, ते तुला पूर्वी कधी सांगितलेले नाही. मी सत्तावीस वर्षे वकिलांच्या कार्यालयात टंकलेखन केले. खरेदीखते, बक्षिसपत्रे, मृत्युपत्रे सगळीच हाताखालून गेली. पण सर्वांत जास्त गेली ती हक्कसोडपत्रे. हिरव्या लेजर कागदावर, कार्बन घालून, तीन प्रती. “मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता” हे शब्द माझी बोटे न बघता उमटवत. वकीलसाहेब मसुदा वाचून दाखवायचे, समोरच्या बाकावर बसलेल्या बहिणी पदराचे टोक बोटाला गुंडाळत ऐकायच्या आणि भाऊ पंख्याकडे बघत बसायचे. १९९४ साली महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, पण कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ती अट २००५ साली केंद्राने केलेल्या दुरुस्तीत गेली. माझे लग्न १९९१ मधले. तुझे आजोबा गेल्यावर, १९९८ साली, त्यांच्या हिश्श्यातला माझा जो काही वाटा होता तो मी भावांना सोडून दिला. कोणी जबरदस्ती केली नाही, कोणी मागितलेही नाही. सोडायचा असतो, म्हणून सोडला. त्याचा मसुदाही मीच टाइप केला.

म्हणून चौथ्या पर्वातला एक प्रसंग मला सर्वांत मोठा वाटतो, ज्याबद्दल तू फोनवर अवाक्षरही काढले नाहीस. मॅथ्यू मोटार अपघातात गेलेला आहे, बाळ जॉर्ज काही महिन्यांचा आहे आणि मेरी काळ्या कपड्यांत नुसती बसून असते. मॅथ्यूच्या कार्यालयातून आलेल्या सामानात एक पत्र सापडते. रॉबर्ट ते उघडतो, वाचतो आणि लगेच मुलीच्या हाती देत नाही, कारण त्यात मॅथ्यूने लिहिलेले असते, की आपली सगळी मिळकत मेरीला मिळावी. आजवर कारभार आपण पाहिला, पुढेही आपणच पाहावा, मुलीला त्रास कशाला, असे त्याला वाटते. आणि तो हे इतक्या मायेने म्हणतो, की पाहणाऱ्यालाही ते खरे वाटू लागते. व्हायोलेट मात्र स्वतःच्या मुलाला चांगले सुनावते आणि पत्र मेरीला द्यायला लावते. मॅगी स्मिथ यांनी तो प्रसंग किती संयमाने केला आहे! त्या २०२४ साली गेल्या तेव्हा सगळ्यांनी त्यांची टोमण्यांची वाक्ये आठवली, विहीणबाई इझोबेलशी झालेल्या त्यांच्या चकमकी आठवल्या. मला मात्र ही आजी आठवली, जिने नातीचा कागद मुलाच्या खिशातून बाहेर काढला.

मग ते पत्र मृत्युपत्र म्हणून ग्राह्य धरायचे का, हे वकिलाकडून तपासले जाते. इंग्लंडच्या १८३७ च्या कायद्यानेही मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि आपल्याकडेही दोनच. पत्र ग्राह्य ठरते आणि मेरी इस्टेटीच्या अर्ध्या भागाची मालकीण होते. तुझे म्हणणे असे, की दुःख ओसरल्यामुळे ती हळूहळू माणसांत आली. मला वाटते, ती माणसांत आली ती कागद हाती आल्यानंतर. त्याआधी ती कोणाची तरी मुलगी, मग कोणाची तरी विधवा आणि कोणाची तरी आई होती. आता कुळांच्या बैठकीत तिचे मत विचारावे लागत होते. वारसा कर भरायला रॉबर्टला जमीन विकायची होती. ती आणि तिचा मेहुणा टॉम मिळून त्याला विरोध करतात आणि जमीन राखायची ठरवतात. नवीन आणलेल्या डुकरांचे पाण्याचे कुंड रात्री उलटलेले सापडते, तेव्हा ती रेशमी पोशाखातच चिखलात उतरते आणि घरी आलेल्या चार्ल्स ब्लेकबरोबर तासन् तास बादल्या वाहते. चेहऱ्यापर्यंत चिखल आणि मग रिकाम्या स्वयंपाकघरात स्वतःच्या हाताने परतलेली अंडी. जिच्या केसांना रोज दासी ॲनाचा हात लागायचा, तिला आपण एवढे काम करू शकतो हे त्या रात्री पहिल्यांदा कळले, असे मला तिचा चेहरा पाहून वाटले.

आता एडिथ. तुला वाटते तशी मी तिच्याविरुद्ध नाही. तिला आयुष्यभर मधल्या मुलीचा वाटा मिळाला, म्हणजे थोरलीचे रूप नाही आणि धाकट्या सिबिलचा लाडही नाही. म्हणूनच मला तिची रात्रही मेरीच्या रात्रीइतकीच प्रिय आहे. तिच्या प्रियकराने, ग्रेगसनने, जर्मनीला जाण्यापूर्वी तिच्यापुढे कागद ठेवला आणि तिने तो न वाचताच सही केली. (तिथे मी मोठ्याने “अगं, वाच तरी!” म्हणाले आणि बाबा हसले.) पुढे म्युनिकमध्ये त्याचा मृत्यू झाल्याचे कळते आणि त्याचे मासिक तिच्याकडे येते. संपादक उरलेला नसतो, अंक छापायला जायची वेळ भरत आलेली असते आणि ती आपल्या नव्या मित्राला, बर्टीला, हाताशी धरून पहाटेपर्यंत मजकूर लावत बसते. तुझ्या मैत्रिणींना विचार, या दोन रात्रींत काय फरक आहे? एका बहिणीच्या अंगाला चिखल लागला, दुसरीच्या बोटांना शाई. ज्या दोघी इतकी वर्षे एकमेकींच्या जिवावर उठल्यासारख्या वागल्या, त्या दोघींनाही हात कामाला लावावेसे वाटले ते स्वतःच्या नावावर काहीतरी आल्यावर. घरात एकच चांगला नवरा येणार आणि तो कोणाला मिळणार, या चढाओढीत वाढलेल्या मुली आणखी वेगळ्या काय झाल्या असत्या?

मात्र एका जागी मी मेरीच्या बाजूने एक शब्दही बोलणार नाही. सहाव्या पर्वात न्याहारीच्या टेबलावर, बर्टीच्या समोर, मॅरिगोल्ड ही एडिथची मुलगी आहे हे ती उघड करते. तेव्हा तिच्याकडे घर होते, जमीन होती, कारभार होता. कशाचीही उणीव नसताना तिने बहिणीचा संसार मांडण्याआधीच मोडला. टॉम तिला तोंडावर खडसावतो ते मला अपुरे वाटले. पुढे तीच बर्टीला बोलावून दोघांची गाठ घालून देते, पण त्याने ती सकाळ पुसली जात नाही. इथे तुझे म्हणणे पूर्ण बरोबर आहे.

रॉबर्टचा नोकर बेट्स याच्या तुरुंगाबद्दल तू विचारले होतेस. ते प्रकरण फार लांबवले, यावर तुझे, माझे आणि बाबांचे एकमत आहे.

खालच्या मजल्यावरच्या माणसांतली माझी आवडती म्हणशील, तर ती ग्वेन. तुला ती आठवतही नसेल, पहिल्याच पर्वात नोकरी सोडून गेलेली लाल केसांची मोलकरीण. तिने पगारातून पैसे साठवून टंकलेखन यंत्र घेतलेले असते, पत्राने शिकवणी लावलेली असते आणि यंत्र खोलीत लपवून ठेवलेले असते. ओब्रायनला ते सापडते आणि यंत्र थेट बटलर कार्सनपुढे जाते. जणू चोरीचा माल सापडला आहे अशा नजरेने सगळे त्याच्याकडे बघतात, आणि ती मान वर करून सांगते, की मला सेक्रेटरी व्हायचे आहे. सिबिल तिच्या पाठीशी उभी राहते आणि घरात टेलिफोन बसवायला आलेल्या माणसाकडे शेवटी तिला नोकरी मिळते. तो प्रसंग बघताना मला आमची टायपिंगची संस्था आठवली. पत्र्याच्या छपराखाली बारा रेमिंग्टन, माझ्या यंत्राचे ‘र’ अक्षर अडकायचे, आणि चाळिसाची परीक्षा पास झाले त्या दिवशी तुझ्या आजोबांनी अर्धा किलो कंदी पेढे आणले होते. माझ्या नावावर जमीन आली नाही, पण ते प्रमाणपत्र होते आणि त्यावर तुझी इंजिनियरिंगची फी भरली गेली.

या आठवड्यात वेळ मिळाला तर चौथ्या पर्वाचे पहिले दोन भाग पुन्हा बघ, आणि रॉबर्टच्या हातात ते पत्र असताना त्याचा चेहरा नीट निरख. नंतर फोन कर. या वेळी जेवणे उरकून बसेन. दिवाळीला आलीस की तुला माझ्या हक्कसोडपत्राची प्रत दाखवीन. कपाटात निळ्या फायलीत आहे. त्यात टंकलेखनाची एकही चूक नाही.

तुझी,
आई