‘असुरक्षित’ म्हणताना वर्ष आणि कारणही छापावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत धोक्यातील जीवांचा जो तक्ता आला, त्यात सीता अशोक हे झाड आणि हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरचा फ्रिगेट हा समुद्रपक्षी एकाच रकान्यात ‘असुरक्षित’ म्हणून दाखवले आहेत. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या, धोक्यातील जीवांच्या लाल यादीप्रमाणे ते बरोबरच आहे. परंतु तेवढ्याने दोघांचे दुखणे एकच असल्याचा समज होतो.

वर्गीकरणाबद्दल फार लिहीत नाही. सीता अशोक शेंगवर्गीय कुळातला, त्यातही तूर-हरभऱ्यापेक्षा चिंचेला जवळचा. फ्रिगेटच्या कुळात प्रजाती एकच आणि तिच्या जाती पाच, ज्यांना पूर्वी पेलिकनच्या गणात धरत आणि आता पाणकावळ्यांच्या गणात धरतात.

फ्रिगेटच्या या जातीची वीण जगात त्या एकाच बेटावर होते. फॉस्फेटच्या खाणींसाठी तिथले जंगल तोडले गेले आणि मादी एका विणीला एकच अंडे घालत असल्यामुळे झालेली तूट लवकर भरून निघत नाही. तरीही २०१८ साली हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ श्रेणीतून ‘असुरक्षित’मध्ये आला, म्हणजे त्याच्यासाठी हा शिक्का काहीसा दिलाशाचा आहे. गंमत अशी की, तो घरटे बांधतो त्या झाडांत आपल्या बेळगावात जागोजागी दिसणारा देशी बदामही आहे. झाड मुबलक असले म्हणून पक्षी सुरक्षित होत नाही.

सीता अशोकाचे उलट आहे. त्याचा पसारा मोठा, पण पश्चिम घाटातल्या सदाहरित रानांत तो ओढ्याकाठी, विखुरलेला आढळतो. अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधासाठी सालीला मागणी असते. भोवताली सगळी साल सोलली की झाड उभ्याउभ्या वाळते, आणि ज्या जुन्या लाकडावर पाकळ्या नसलेल्या फुलांचे ते केशरी-तांबडे गुच्छ थेट फुटतात, तेच लाकूड मरते. शिवाय त्याचे मूल्यमापन १९९८ सालचे, जुन्या निकषांवरचे आहे. पाव शतकाहून जुनी श्रेणी आजची म्हणून छापणे मला योग्य वाटत नाही.

तेव्हा पुढील तक्त्यात मूल्यमापनाचे वर्ष आणि धोक्याचे कारण असे दोन रकाने वाढवावेत. वनखात्यानेही खानापूर-जांबोटी भागातल्या रानांत सीता अशोक कुठे उभा आहे आणि किती खोडांची साल निघाली आहे, याची गावनिहाय नोंद करून ती मराठी व कन्नड दोन्ही भाषांत प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)