पेन्शन किती, याआधी ती कशी मिळते ते विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वृद्धांच्या एकाकीपणाबद्दल आपल्या अंकात नुकताच एक लेख वाचला. छंद जोपासा, फिरायला जा, नातवंडांत रमा, मन मोकळं करा. एकही सल्ला चुकीचा नव्हता. पण एवढ्या मोठ्या लेखात पैशाचं नाव कुठे निघालं नाही. माझी नोकरीची बरीच वर्षं खिडकीमागे बसून म्हाताऱ्या माणसांच्या हातात पेन्शनच्या नोटा मोजून देण्यात गेली, म्हणून मला हे जास्त खटकलं असेल.

मी म्हणते ती पेन्शन आमच्यासारख्या नोकरदारांची नव्हे. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याच्या घरात राबलेल्या, कुठल्याही हजेरीपटावर नाव नसलेल्या माणसांना केवळ वय झालं म्हणून सरकारी तिजोरीतून मिळते ती. तिला सामाजिक पेन्शन म्हणतात. तिच्यासाठी वर्गणी भरावी लागत नाही, पण बहुतेक ठिकाणी गरिबी सिद्ध करावी लागते. या ‘पण’कडे मी पुढे येतेच.

मेक्सिकोत २००७ साली अशी योजना सुरू झाली. आधी फक्त अडीच हजारांपर्यंत वस्तीच्या गावांत, सत्तरीपुढच्या माणसांना, महिन्याला ५०० पेसो, दर दोन महिन्यांनी एकदम. अर्थशास्त्रज्ञांनी पेन्शन मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या वृद्धांची तुलना केली, तेव्हा वृद्धांच्या नैराश्याचं मोजमाप करणाऱ्या प्रश्नावलीवरचे गुण पेन्शनवाल्यांमध्ये १२ टक्क्यांनी कमी आले. ही प्रश्नावली मी मुद्दाम मिळवून वाचली. तिची छोटी आवृत्ती १५ प्रश्नांची आहे, उत्तर हो किंवा नाही. आयुष्य रिकामं वाटतं का, आपण कुचकामी झालो असं वाटतं का, काहीतरी वाईट घडेल अशी भीती वाटते का, घराबाहेर पडावंसं वाटतं का. उत्पन्नाबद्दल, कर्जाबद्दल, औषधाच्या खर्चाबद्दल एकही प्रश्न नाही. तरीही पैसा आल्यावर उत्तरं बदलली.

का बदलली, याचं शास्त्रशुद्ध उत्तर संशोधकांनी द्यावं. मी खिडकीतून जे पाहिलं ते सांगते. एक आजी दर महिन्याला यायच्या आणि मोठी नोट दिली की परत सरकवायच्या. “बाई, सुट्टे द्या.” पहिल्यांदा मला वाटलं, उधारी फेडायची असेल. मागे रांग लांबलेली, गल्ल्यात सुट्टे कमी, मी जरा वैतागूनच विचारलं, कशाला हवेत एवढे सुट्टे? तर म्हणाल्या, “मोठ्या नोटेतून कुणाला थोडं देता येत नाही.” पुढे निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्यापुरते सुट्टे बाजूला काढून ठेवत आले. एरवी घेण्यासाठीच पसरावा लागणारा हात महिन्यातून एकदा देण्यासाठी पुढे जात होता. प्रश्नावलीतल्या कुचकामीपणाच्या प्रश्नावर पेन्शन मिळू लागण्याआधी आणि नंतर आजींचं उत्तर एकच आलं असतं, असं मला वाटत नाही.

अशी पेन्शन दिली की माणसं आळशी होतात, असं म्हणणारे भेटतात. सत्तरीच्या माणसाने किती राबायचं बाकी ठेवलं आहे, हा माझा उलट प्रश्न. पण उत्तर आकड्यांतच हवं असेल तर मेक्सिकोत मजुरीचं काम कमी झालं हे खरं, आणि त्यातली बरीच माणसं घरच्या धंद्यात हातभार लावू लागली हेही तितकंच खरं. खाटेवर कुणी जाऊन पडलं नाही. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: सरकार देतं म्हटल्यावर मुलं हात आखडतात. दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभ्यासात पेन्शनच्या प्रत्येक रँडमागे मुलांकडून येणारी रक्कम पाव ते तीस शतांश रँडने घटलेली दिसली. म्हणजे रँडमधला सत्तर-पंच्याहत्तर शतांश वाटा तरीही म्हाताऱ्यांकडे उरला. आणि घटलेल्या पाव रँडसाठी दर महिन्याला सुनेच्या चेहऱ्याकडे बघावं लागलं नाही, याची नोंद कुठल्या रकान्यात करणार?

त्याच देशातलं आणखी एक निरीक्षण मला फार बोलकं वाटतं. ज्या घरांत सगळ्यांची मिळकत एकत्र होते तिथे पेन्शनमुळे घरातल्या सर्वांची तब्येत सुधारलेली दिसली, आणि जिथे होत नाही तिथे फक्त पेन्शनधारकाची. पेन्शन आजीच्या हाती आली तर नातींचं वजन सुधारतं, आजोबांच्या हाती आली तर तसं दिसत नाही, असंही तिथे आढळलं. (आजोबांनी रागावू नये.) पैसा कुणाच्या हातात पडतो यावर इतकं सगळं अवलंबून असेल, तर ‘सोयीसाठी’ म्हाताऱ्यांचं कार्ड मुलाच्या खिशात ठेवण्याची जी सर्रास पद्धत आहे तिला सोय म्हणायचं का?

आता तो ‘पण’. न्यूझीलंडने १८९८ साली वृद्धांसाठी पेन्शनचा कायदा केला. पासष्टीपुढच्यांना वर्षाला १८ पौंड. त्या काळी हे मोठं पाऊल होतं. पण अर्जदाराने उघड्या न्यायालयात दंडाधिकाऱ्यापुढे उभं राहायचं आणि आपली गरिबी व आपलं सच्चारित्र्य दोन्ही सिद्ध करायची. देशात राहणाऱ्या चिनी वृद्धांना तर त्यातून वगळलंच होतं. पासष्टीचा माणूस, समोर ओळखीपाळखीची मंडळी बसलेली, आणि तो सांगतो आहे की माझ्याकडे काही नाही, पण मी दारू पीत नाही. ब्रिटनने १९०८ च्या कायद्याने सत्तरीपुढच्यांना आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत पेन्शन दिली, तीही उत्पन्न तपासूनच. पण वाटप मात्र पोस्टातून ठेवलं. गरिबांना मदत देणाऱ्या जुन्या यंत्रणेची लोकांना इतकी लाज वाटे, की तिच्या दारात जाण्यापेक्षा पुष्कळ जण उपाशी राहणं पत्करत. पोस्टाच्या रांगेत मात्र पत्र टाकणारा आणि पेन्शन घेणारा यांत फरक दिसत नाही. त्या काळच्या कारभाऱ्यांना मनाच्या आरोग्याची परिभाषा ठाऊक नव्हती, पण माणूस कुठल्या रांगेत उभं राहायला तयार होतो हे त्यांना नेमकं कळलं होतं.

चीनने २००९ साली ग्रामीण पेन्शन आणली तेव्हा साठीपुढच्यांना स्वतः वर्गणी न भरता महिन्याला किमान ५५ युआन मिळू लागले. रक्कम तुटपुंजी, तरीही तिथल्या अभ्यासांत नैराश्याची लक्षणं कमी झालेली दिसली, आणि ज्यांची ओढाताण जास्त होती त्यांच्यात अधिक. मात्र सुरुवातीला अट अशी, की पात्र मुलांनी योजनेत नाव नोंदवून वर्गणी भरायला हवी. म्हणजे हक्क आईबापांचा आणि किल्ली मुलांकडे. याउलट बोलिव्हियाने २००८ पासून साठीपुढच्या सगळ्यांना देऊ केलेल्या पेन्शनचं नाव आहे ‘रेंता दिग्निदाद’, प्रतिष्ठेचं उत्पन्न. दुसरी पेन्शन असेल तर रक्कम कमी, पण गरिबीचा दाखला कुणी मागत नाही. नावाने पोट भरत नाही हे मान्य. पण ‘निराधार’ म्हणून हाक ऐकत रांगेत पुढे सरकणं निराळं आणि हे निराळं.

हे सगळं मी तटस्थपणे लिहीत नाही. माझ्या थोरल्या नणंदेची पेन्शन तीन महिने बंद होती. एका कार्यालयाच्या नोंदीत त्या मृत होत्या. अंगठा लावायला गेल्या तर यंत्राला ठसा ओळखता येईना. धुणीभांडी करून रेषाच झिजलेल्या. दाखला आणा, मग दुसरा आणा, मग साहेब रजेवर. त्या तीन महिन्यांत त्यांनी रक्तदाबाची गोळी अर्धी करून घ्यायला सुरुवात केली आणि आम्हाला सांगितलं नाही. फोन उचलेनाशा झाल्या. रात्री उठून कागदांची पिशवी पुन्हा पुन्हा तपासत. पुढे थकबाकी एकरकमी जमा झाली आणि कार्यालयाच्या दृष्टीने प्रकरण मिटलं. नणंदबाई मात्र अजूनही महिना संपत आला की गप्प होतात. आकड्यात पाहिलं तर त्यांचं नुकसान शून्य.

पेन्शनने एकटेपणा जातो असं माझं म्हणणं नाही. जोडीदार गेल्याचं दुःख, ऐकू न येणं, सांधे, अंधारी खोली, यांवर नोटांचा इलाज चालत नाही. रक्कमही मोठी हवीच, आणि महागाईबरोबर ती वाढली नाही तर देऊनही काढून घेतल्यासारखंच. पण ज्या रकमेवर वाद घालण्यात सगळे वाकबगार आहेत, तिच्याइतकीच तारीखही महत्त्वाची आहे. ठरलेल्या दिवशी, स्वतःच्या हातात, कुणापुढे मान खाली न घालता येणारी छोटी रक्कम मनाला जो आधार देते, तो कधी येईल याचा भरवसा नसलेली मोठी रक्कम देत नाही.

म्हणून आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पेन्शन योजनांच्या बातमीत ‘इतके लाख लाभार्थी’ हा आकडा जरूर छापा, पण सोबत विचारा की गेल्या वर्षी हप्ता किती वेळा उशिरा आला, किती जणांचा चुकून बंद पडला आणि पुन्हा सुरू व्हायला किती दिवस लागले. आणि हयातीच्या दाखल्याबद्दलही विचारा. मृत्यूची नोंद सरकारी दप्तरात करावीच लागते. ती पेन्शनच्या यादीशी जुळवून पाहण्याचं काम टेबलापलीकडच्या धडधाकट माणसांनी करायचं, की ऐंशीच्या बाईने दरवर्षी काठी टेकत जाऊन आपण मेलेलो नाही हे सांगायचं?

आपली,
एक निवृत्त खिडकी-कारकून