तास घेण्याबद्दल, संजूला

सातारा,
रविवार सकाळ

प्रिय संजू,

परवा तुझा फोन ठेवला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते, पण डोळ्याला डोळा लागला नाही. "वीस वर्षं घसा कोरडा केला, आता पोरं वर मान करून बघतही नाहीत. नोट्स ग्रुपवर टाकतो आणि पोर्शन संपवतो," असं तू म्हणालास. लेका, हे तू म्हणावंस? कोल्हापूरला विद्यापीठाच्या होस्टेलवर क्वांटम मेकॅनिक्स आम्हा सगळ्यांच्या डोक्यात शिरलं ते तुझ्यामुळं. फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलोय. पावसानं आज झोड उठवलीय, अजिंक्यतारा ढगात गडप झालाय, घराबाहेर पडायचं कारण नाही.

चार वर्षांपूर्वीची एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. एफ.वाय.ची प्रॅक्टिकल परीक्षा होती, व्हायवा चालू होता. माण तालुक्यातली एक मुलगी समोर होती. हुशार, जर्नल मोत्यासारखं, इंटर्नलला वीसपैकी अठरा. न्यूटनचा तिसरा नियम विचारला, क्रिया आणि प्रतिक्रिया सारख्या आणि उलट दिशेच्या असतात तो, तिनं इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवला. मग सहज विचारलं, "उसाच्या ट्रॅक्टरनं स्कूटीला धडक दिली. ट्रॅक्टरचं स्कूटीवरचं बल जास्त, की स्कूटीचं ट्रॅक्टरवरचं?"

"ट्रॅक्टरचंच की सर. स्कूटीचा चेंदामेंदा होतो."

पुढच्या दहा जणांना मी तोच प्रश्न विचारला. एक मुलगा सोडला तर सगळे ट्रॅक्टरच्या बाजूचे. आणि हा धडा मी जीव ओतून शिकवला होता रे. फळा दोनदा भरला होता, उदाहरणं सोडवून घेतली होती. त्या दिवशी घरी येऊन जेवलोसुद्धा नाही.

नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं की हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांच्यावर १९९० च्या सुमारास हीच वेळ आली होती. डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बलाबद्दलचे साधेसुधे प्रश्न तयार केले होते, गणित अजिबात नाही, रोजच्या भाषेतले. माझूरनी ते आपल्या वर्गाला दिले. एका विद्यार्थिनीनं विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलंय तशी लिहायची, की मी एरवी विचार करते तशी? आपल्या पोरांच्या डोक्यातही असे दोन कप्पे आहेत. परीक्षेचा कप्पा आपण वर्षानुवर्षं भरत आलो, दुसऱ्याला हात लावला नाही.

आपल्याकडं त्यात भाषेची भर. जावळी, खटाव, माणमधनं येणारी निम्मीअधिक पोरं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. त्यांच्याजवळ 'जोर' नावाचा एक शब्द असतो, आणि त्या एका शब्दात बल, संवेग, ऊर्जा सगळं मावतं. ट्रॅक्टरचा जोर जास्त, हे त्यांचं म्हणणं संवेगाच्या, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाच्या, अर्थानं घेतलं तर बहुतेक वेळा बरोबरच आहे! त्यांना फोर्स हा शब्द ऐकू येतो, त्याच्या जागी मनात जोर उमटतो, आणि मी मात्र इंग्रजी व्याख्या सांगत पुढं निघालेला. त्यांच्या तोंडून 'जोर' ऐकल्याशिवाय हे मला कळणार कसं? ऐकायला मी थांबतच नव्हतो.

म्हणून माझूरनी काढलेली पद्धत मी आपल्या वर्गाला बसेल अशी करून घेतली. दहा-पंधरा मिनिटं शिकवायचं, मग फळ्यावर एक प्रश्न आणि चार पर्याय. पहिलं एक मिनिट कुणी कुणाशी बोलायचं नाही. मग सगळ्यांनी एकदम पर्यायाच्या आकड्याइतकी बोटं छातीशी धरून उत्तर दाखवायचं, म्हणजे शेजारच्याला दिसत नाही. तीसएक टक्क्यांपेक्षा कमी बरोबर असतील तर मी परत समजावतो. सत्तरच्या वर असतील तर पुढं जातो. मधे असतील तर म्हणतो, शेजारच्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला पटवा, मराठीतच बोला. तीन-चार मिनिटांनी पुन्हा बोटं. मग त्यांनी तेच कारण इंग्रजीत दोन ओळींत लिहायचं, कारण पेपर इंग्रजीतच असतो. पहिल्यांदा ट्रॅक्टरचा प्रश्न घातला तेव्हा बासष्टपैकी सव्वीस बरोबर होते, बोलणं झाल्यावर सत्तेचाळीस. मधल्या वेळात एक पोरगा दुसऱ्याला सांगत होता, "बल सारखंच रे, पण स्कूटीचं वस्तुमान केवढंसं! तिचं त्वरण बघ की." माझ्या वीस मिनिटांच्या डेरिव्हेशननं जे झालं नव्हतं ते या एका वाक्यानं झालं. त्या पोराला ते कळून आठवडाच झाला होता, अडतं कुठं ते त्याला ताजं आठवत होतं. तुला-मला ते आठवत नाही, संजू.

अवघड काय असेल तर गप्प राहणं. एकदा शर्टाच्या खिशात मोबाइल रेकॉर्डिंगला लावून तास घेतला आणि रात्री ऐकला. तू हे एकदा करच. मी प्रश्न विचारतो, आणि पोरांनी श्वास घ्यायच्या आत उत्तरही मीच देतो. "समजलं ना?" किती वेळा म्हणालो ते मोजवेना. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं शाळांच्या वर्गांत घड्याळ लावून हे मोजलं होतं: शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात. तीन सेकंद म्हणजे काय ते फळ्यासमोर उभं राहिल्यावर कळतं. मी पाठीमागं हात बांधून मनात आकडे मोजायचो. "समजलं ना?" कायमचं बंद केलं. आता तासाच्या शेवटी चिठ्ठीवर लिहायला सांगतो, आज काय अडलं? नाव घालायचं नाही. त्या चिठ्ठ्या मी घरी येऊन चहाबरोबर वाचतो, दुसऱ्या दिवशीचा तास तिथनंच सुरू होतो.

दुसरी गोष्ट वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी दाखवली. मीच त्यांना मागच्या बाकावर येऊन बसा म्हटलं. त्यांनी वर्गाचा नकाशा काढला आणि मी कुणाला प्रश्न विचारला, कुणाकडं बघितलं, त्या प्रत्येक जागी खूण केली. सगळ्या खुणा उजवीकडं, पहिल्या तीन बाकांवर. डाव्या बाजूला मुली बसतात. पूर्ण तासात मी एकाही मुलीला प्रश्न विचारला नव्हता. मला दोन मुली आहेत, तुला माहीत आहे. त्या कागदाची घडी अजून पाकिटात आहे.

सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. पहिल्याच सेमिस्टरला चार पोरं वर तक्रार घेऊन गेली, सर शिकवत नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात. मला बोलावून घेतलं, पोर्शनबद्दल विचारलं. मनाला फार लागलं. हार्वर्डमधलाच २०१९ सालचा एक अभ्यास नंतर वाचनात आला: स्वतः डोकं चालवावं लागलेल्या वर्गातली मुलं जास्त शिकली होती, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. छान व्याख्यान ऐकलं की सगळं कळल्यासारखं वाटतं, स्वतः धडपडलं की आपण कच्चे वाटतो. आता हे मी पहिल्याच तासाला पोरांना सांगतो. तेव्हापासून तक्रार नाही. तुझ्याकडं कुणी पुरावा मागितला तर स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांचं २०१४ चं काम दाखव. विज्ञान, गणित आणि इंजिनिअरिंगचे २२५ अभ्यास त्यांनी एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३४ टक्के मुलं नापास, पोरांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २२ टक्के. मधल्या या बारा टक्क्यांतली किती पोरं कोरेगाव-दहिवडीची असती, असा विचार माझ्या मनात येतो. पहिल्याच वर्षी एटीकेटीत अडकून कॉलेज सुटलेली कितीतरी तोंडं मला आठवतात.

आणखी एक छोटी सवय. तास सुरू होताना मागच्या आठवड्यातले दोन प्रश्न, वही मिटून, मार्क नाहीत. वाचलेलं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिलेलं जास्त टिकतं.

तू स्वतःला दोष देतोस ते मात्र मला पटत नाही. पहिलीला शिकवायला डी.एड. लागतं, दहावीला बी.एड., आणि एम.एस्सी.ला शिकवायला आपला विषय येणं पुरतं. प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत, नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनाचे मोजके प्रश्न सोडले तर तुला-मला कुणी खडू कसा धरायचा ते दाखवलं नाही. प्राध्यापकांच्या रिफ्रेशर कोर्सला गेलो होतो, तिथं स्लाइडमागून स्लाइड बघितल्या, सर्टिफिकेट मिळालं, कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, फाइलला लागलं. पण माझा तास बघायला कुणी आलं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात आणली. त्यांनी पोरांना हातानं काम करत शिकायला लावलं. आजही माझ्या वर्गात कमवा-शिकाची पोरं सकाळचं काम उरकून बसतात. कामाला ती कधीच मागं हटत नाहीत. वर्गात मीच त्यांना काम देत नव्हतो.

तर माझं मागणं एवढंच, या महिन्यात एक दिवस रजा टाक. सकाळच्या एस.टी.नं नीघ, दुपारी दीडला माझा एस.वाय.चा तास आहे, मागच्या बाकावर बस आणि नकाशा काढ. पुढच्या आठवड्यात मी सांगलीला येतो, तुझ्या वर्गात बसतो. स्टाफरूममध्ये कोण काय म्हणेल याची काळजी करू नकोस, पाहुणा म्हणून आलोय म्हणेन. येताना कंदी पेढे आणतो, वहिनींना सांगून ठेव. काकूंना नमस्कार.

तुझा,
सुहास

ता.क. तोवर उद्याच्या तासाला हा प्रश्न घालून बघ. ट्रॅक्टर दोन भरलेल्या ट्रॉल्या सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगानं ओढतोय. एक पिन ट्रॅक्टर आणि पहिल्या ट्रॉलीमधली, दुसरी दोन ट्रॉल्यांमधली. ओढ कुठल्या पिनवर जास्त? पर्याय: पहिलीवर, दुसरीवर, दोन्हींवर सारखी, दोन्हींवर शून्य. चौथ्या पर्यायाला किती बोटं वर येतात ते मला रात्री फोन करून सांग.