आधी ईसीजी, मग केसपेपर

महोदय,

छातीत दुखतंय म्हणून आलेल्या रुग्णाचा ईसीजी १० मिनिटांत निघून डॉक्टरांच्या नजरेखालून गेला पाहिजे. तातडीच्या विभागात ही मिनिटं केसपेपर करण्यात आणि खाट रिकामी होण्याची वाट बघण्यात जातात. यंत्र सापडलं तर कागदाचा रोल संपलेला असतो. घामाने भिजलेल्या छातीवर इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. आधी छाती कोरडी पुसावी लागते. सगळ्यांत वाईट म्हणजे काढलेला ईसीजी न बघताच फाइलला लावला जातो.

धाप, मळमळ, जबडा दुखणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या मधुमेही, वयस्क आणि स्त्री रुग्णांना तर ‘ॲसिडिटी’ म्हणून बाकावर बसवलं जातं. त्यांचाही ईसीजी लगेच हवा.

ईसीजीच्या आलेखातला ‘एसटी’ नावाचा भाग उचललेला दिसला (हृदयाची रक्तवाहिनी बंद झाल्याची खूण), की ट्रोपोनिनच्या, म्हणजे हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या, रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. अँजिओप्लास्टीची सोय तिथेच असेल तर रुग्ण आल्यापासून ९० मिनिटांत ही रक्तवाहिनी उघडावी. दुसरीकडे पाठवूनही १२० मिनिटांत ते जमणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ३० मिनिटांच्या आत द्यावं; अर्थात रक्तस्रावाचा धोका तपासूनच. पहिला ईसीजी साधा आला आणि दुखणं सुरूच असेल, तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी तो पुन्हा काढायलाच हवा.

यंत्र नोंदणीच्या टेबलाशेजारी ठेवा, ईसीजी काढायचा अधिकार परिचारिकेला द्या आणि त्या कागदावरच रुग्ण आल्याची वेळ, डॉक्टरांनी पाहिल्याची वेळ आणि सही घ्या.

— तातडीच्या विभागातील काही डॉक्टर व परिचारिका