बाई, मला माणूस द्या

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

हल्ली आपलं फोनवरचं बोलणं 'ओटीपी आला का गं?' इथे सुरू होतं आणि 'बरं, ठेवते' इथे संपतं. मधलं सगळं बोलायचं राहून जातं, म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून वाचा आणि मध्येच आईला वाचून दाखवू नका, तिला तिचं वाचू द्या.

मागच्या वेळी घरी आले होते तेव्हा बाबा बँकेच्या ग्राहकसेवेशी भांडत होते. पलीकडे तोच गोड आवाज, 'शिल्लक जाणून घेण्यासाठी एक दाबा.' बाबांनी एक दाबलं, दोन दाबलं, नऊ दाबलं, पुन्हा मुख्य यादीवर येऊन पोचले आणि मग ओरडले, 'बाई, मला माणूस द्या!' आई आतून म्हणाली, 'अहो, तिच्यावर कशाला ओरडता? ती बिचारी काय करणार!' मी खूप हसले. पण तिथे बाई नव्हतीच. ओरडा मात्र बाईलाच बसला.

हे जुनंच दुखणं आहे. टेलिफोन नवा होता तेव्हा फोन जोडून द्यायला एक्स्चेंजमध्ये पोरं बसवायचे. ती ग्राहकांशी उर्मटपणे बोलायची, टवाळी करायची. म्हणून १८७८ मध्ये बॉस्टनला एमा नट या बाईंना कामावर घेतलं. त्यांचं बोलणं लोकांना इतकं आवडलं की पुढे ते काम बायकांचंच होऊन बसलं. मग आलं आपोआप चालणारं एक्स्चेंज. त्याचं पेटंट १८९१ मध्ये अल्मन स्ट्रॉवजर यांना मिळालं. हे गृहस्थ अंत्यसंस्काराचा व्यवसाय करायचे आणि ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवते, असा त्यांना संशय होता म्हणे. पुढच्या काही दशकांत ऑपरेटर बायकांची गरज संपत गेली. आवाज तेवढा ठेवून घेतला. २०११ मध्ये ॲपलच्या फोनमधली बोलकी मदतनीस सिरी आली तेव्हा अमेरिकेत ती बाईच्याच आवाजात बोलायची. इंग्रजीत 'आवाज तुम्हीच निवडा' असं सुरुवातीलाच विचारायला ॲपलला २०२१ उजाडलं. पगार नको, रजा नको, उलट उत्तर नाही. अशी नोकर बाई कुणाला नको असेल?

आई, तू म्हणशील, यंत्रांना नावं ठेवू नकोस, वॉशिंग मशीननं माझी कंबर वाचवली. वाचवलीच. जुने दिवस बरे होते म्हणणाऱ्यानं बहुतेक कधी धुणं धुतलेलं नसतं. पण मशीन घरात आलं तेव्हा बाबा म्हणाले होते, 'आता तुला काम काय उरलं?' आणि त्यानंतर बघ. चादरी दर आठवड्याला, टॉवेल जेमतेम ओला झाला की धुवायला, माझा नि दादाचा शर्ट एकदा अंगावर चढला की टोपलीत. मशीन फक्त धुतं. खिसे उलटे करणं, रंगीत-पांढरे वेगळे काढणं, वाळत घालणं, घड्या घालून ज्याच्या त्याच्या कपाटात ठेवणं, हे तूच करत राहिलीस. इतिहासाच्या अभ्यासक रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या घरांविषयी असंच काहीसं मांडलं होतं. चुलाण्याच्या जागी लोखंडी शेगडी आली तेव्हा लाकडं फोडायचं पुरुषांचं काम घटलं, बाईच्या स्वयंपाकात मात्र पदार्थांची भर पडली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१८ चा हिशेबही ऐका: बिनपगारी घरकामात आणि सांभाळण्यात बायकांचे दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं जातात, पुरुषांची १ तास २३ मिनिटं. इतकी यंत्रं येऊन!

आता यात नवीन भर पडली आहे. खिडकीपलीकडच्या कारकुनाचं काम आपल्यावर आलंय. फॉर्म आपणच भरायचा, फोटो ठरलेल्या केबीत आपणच बसवायचा, पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह घालायचं आणि ते विसरायचं नाही. वर आपण यंत्र नाही हे एका यंत्राला पटवून द्यायचं. 'सिग्नल असलेले चौकोन निवडा.' खांब धरायचा की नाही? मला आजवर कळलेलं नाही.

आणि आपल्या घरात हे काम कुणाकडे आलं? कुणी ठरवलं नव्हतं, पण माझ्याकडे आलं. विजेचं बिल, विम्याचा हप्ता, डॉक्टरांची वेळ, बाबांचं लॉक झालेलं खातं. दादा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याचं पोटच यावर चालतं, तरी फोन मला येतो. विचारलं की आई म्हणतेस, 'तो कामात असतो गं.' मी काय करत असते? मीटिंगमध्ये आवाज बंद करून, टेबलाखाली फोन धरून तुमचा ओटीपी टाकत असते. दादाला ऑफिसात याच कामाचा पगार मिळतो आणि माझ्या वाट्याला आलं की ते मुलीची माया होते. माया आहेच. पण मायेला बिलाच्या तारखा कशाला जोडता? मला तुमच्याशी तुमच्या गुडघ्यांबद्दल, कालच्या भांडणाबद्दल, काहीही फालतू बोलायचं असतं. ती वेळ या कटकटीत जाते.

परवा बाबांचं खातं पुन्हा उघडताना सुरक्षेचा प्रश्न आला, 'आईचं माहेरचं आडनाव काय?' बाबा, तुम्ही आजीचं आडनाव आठवायला किती वेळ घेतलात! आई, तुझंही माहेरचं आडनाव आपल्या घरात कुणी घेतलेलं मला आठवत नाही. ते फक्त बँकेच्या संगणकाला हवं असतं, तेसुद्धा आमची ओळख पटवायला.

त्याच दिवशी कळलं की आईचं कार्ड बाबांच्या पाकिटात असतं आणि तिला स्वतःचा पिन ठाऊक नाही. 'माझ्या कुठे लक्षात राहायचे आकडे!' म्हणे. १९६७ मध्ये लंडनच्या एन्फिल्डमध्ये बार्कलेज बँकेनं नोटा देणारं यंत्र बसवलं. ते ज्यांच्या डोक्यातून निघालं ते जॉन शेफर्ड-बॅरन सांगायचे की त्यांना सहा आकडी पिन हवा होता, पण बायको कॅरोलाइन म्हणाली, माझ्या चारच लक्षात राहतात. म्हणून चार ठरले. बायकोला जमावं म्हणून बेतलेली गोष्ट आई वापरत नाही, हे मला पटत नाही. दूधवाल्यापासून सगळ्यांचे फोन नंबर तिला तोंडपाठ आहेत.

तर दादाशी बोललेय. आधी कुरकुरला, मग तयार झाला. बँक, बिलं आणि विमा आता त्याच्याकडे. डॉक्टर आणि औषधं माझ्याकडे. येत्या रविवारी तो घरी येतोय. 'द्या इकडे, मीच करतो' म्हणेल, करू देऊ नका. बटणं तुम्ही दाबायची. बाबा, मशीन लावायचं आणि कपडे वाळत घालायचं त्याच दिवशी आईकडून शिकून घ्या. आणि आईचा पिन बदलायला एटीएमला जाल तेव्हा तुम्ही दाराबाहेर थांबायचं. दादानंही.

तुमची,
लेक