सुमे, अजून बोलावणं आलेलं नाही

प्रिय सुमे,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज ऐकला, "तिकिटं काढली का गं" म्हणतेस, नाही काढली बाई, मुलीच्या दत्तकाची ऑर्डर येईपर्यंत काढताच येत नाहीत. बॅग मात्र ऑक्टोबरपासून भरून पडलीये आणि दर दीड-दोन महिन्यांनी मी त्यातले फ्रॉक काढून एक साइज मोठे ठेवते, दुकानवालीने परवा विचारलं पण, मुलगी फार भराभर वाढते का हो तुमची. मी हो म्हटलं, काय सांगणार.

घोडं कुठे अडलंय ते तुला एकदा नीट लिहून टाकते, आईला फोनवर सांगून सांगून दमले. 'कारा'कडून, म्हणजे भारत सरकारच्या दत्तकाचं बघणाऱ्या संस्थेकडून, रेफरल आलं, म्हणजे ही मुलगी घ्याल का अशी विचारणा, आम्ही हो म्हटलं, मग इकडे अमेरिकेत आय-८०० ची, म्हणजे तिला इकडे आणायच्या अर्जाची, प्रोव्हिजनल मंजुरी, मग दिल्लीच्या अमेरिकन एम्बसीचं आर्टिकल ५ चं, म्हणजे या दत्तकाला अमेरिकेची संमती असल्याचं, पत्र, मग काराची एनओसी, एवढं सगळं पार पडलं. आता फाइल ओडिशातल्या एका जिल्ह्यात कलेक्टरसमोर आहे. आधी ही ऑर्डर कोर्ट द्यायचं, सप्टेंबर २०२२ पासून कलेक्टर देतात, लवकर व्हावं म्हणूनच तर कायदा बदलला आणि दोन महिन्यांत निकाली काढायचं असं ठरलंय. आमचा पाचवा महिना चालू आहे. एकदा साहेबांची बदली झाली, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की माझ्या पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव आहे आणि डिग्रीवर बाबांचं, तर ही एकच बाई कशावरून! आपल्याकडे निम्म्या बायकांचं असंच असतं ना गं, पण तिकडे त्यांना ते माहीत असायचं काही कारण नाही. त्याचं अ‍ॅफिडेव्हिट करून पाठवलं त्याला सहा आठवडे झाले. ऑर्डर आली की तिचा नवा जन्मदाखला, मग पासपोर्ट, आणि मग आम्ही निघायचं.

आणि आम्ही पालक व्हायला योग्य आहोत ही इकडची आधीची मंजुरी असते १५ महिन्यांची, बोटांचे ठसेसुद्धा तेवढेच चालतात. म्हणजे आता परत ठसे, परत होम स्टडीचा, म्हणजे घराच्या नि आमच्या तपासणीचा, अपडेट. सोशल वर्कर बाई तिसऱ्यांदा येऊन स्मोक डिटेक्टर वाजतो का बघून गेल्या, औषधाच्या कपाटाला कुलूप आहे का बघितलं, आणि मी उगाच आदल्या रात्री किचन घासत बसले.

सासूबाई अजून अधूनमधून म्हणतात तान्हं बाळ मागायचं होतंत. अहो मिळत नाही, आमच्या दोघांच्या वयाची बेरीज ८७, दोन वर्षांखालच्या मुलासाठी ८५ च्या आत लागते. खरं सांगू, मला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. रेफरलच्या वेळी ती दोन वर्षं चार महिन्यांची होती, आता तीन पूर्ण झाली, आणि माझ्याकडे एक अडतीस सेकंदांचा व्हिडिओ आहे ज्यात ती स्टीलच्या ताटलीतला भात डाव्या हाताने खाते आणि कुणीतरी बाहेरून हाक मारतं तिकडे बघते. ती हाक मारणारी बाई कोण, तिला सोडून येताना हिचं काय होईल, हे मी रात्री दोन वाजता विचार करत बसते. (नाव मुद्दाम लिहीत नाहीये, ऑर्डर येईपर्यंत नाव-फोटो कुठेच द्यायचा नाही असं बजावलंय, तू पण तुझ्या जाऊबाईंना सांगू नकोस.)

एजन्सीच्या वेटिंगवाल्यांच्या कॉलवर एक अमेरिकन जोडपं होतं, त्यांचं चीनमधल्या मुलीशी कोविडच्या आधी जुळलेलं, २०२० मध्ये प्रवास बंद झाला, ती वाट बघत राहिली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने परदेशी दत्तक देणंच बंद केलं. त्यानंतर ते कॉलवर आले नाहीत. मला कुणी "होईल गं, धीर धर" म्हटलं की तेच दोघं डोळ्यासमोर येतात, म्हणून तू तसं म्हणत नाहीस ते बरं आहे.

गंमत सांगू? यूट्यूबवरून ओडिया शिकतेय. पाण्याला ते पाणिच म्हणतात, ण सकट! भाताला भात, फळाला फळ, ळ आहे बाई त्यांच्यात. इथल्या हिंदी मैत्रिणींना माझा ळ जमत नाही आणि ही तीन वर्षांची पोर आयता घेऊन येणार. मुलीला झिअ म्हणतात. आमचे हे ऑफिसला जाताना गाडीत मोठमोठ्याने झिअ झिअ करतात, सिग्नलला लोक बघतात.

अजून एक, फॉर्मवर तिचा देश भारत आणि आम्ही दोघं परदेशी, ते वाचून मी पहिल्यांदा हसले आणि मग जरा गप्प झाले. आम्हाला इकडचे नागरिक व्हायला १४ वर्षं लागली, ती नेवार्कच्या विमानतळावर इमिग्रेशनमधून बाहेर आली की झाली अमेरिकन!

आता तुझ्याकडे काम. भुवनेश्वरहून तिला घेऊन आम्ही दिल्लीला येऊ, तिथे मेडिकल आणि व्हिसा, आठवडा तरी जाईल. हॉटेल नको वाटतंय, तुझ्या गुरगावच्या घरी मागची खोली दे. पाहुणे नकोत, औक्षण नको, आसट भात आणि साधं वरण कर फक्त. आणि आई सांगलीहून खणाचं परकर-पोलकं तुझ्या पत्त्यावर पाठवतेय, माप नसताना अंदाजाने शिवलंय, म्हणून दोन्ही बाजूंना भरपूर माया ठेवलीये म्हणाली. आलं की टेपने मोजून मला छाती आणि उंची कळव.

तुझी,
मंजू