‘नोव्हारा’ तेव्हा आगबोट नव्हती

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतील निकोबार बेटांवरचा लेख आवडला. मात्र १८५८ साली तेथे आलेल्या ऑस्ट्रियाच्या ‘नोव्हारा’ला त्यात ‘आगबोट’ म्हटले आहे. ती तेव्हा निव्वळ शिडाची फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) होती. तिच्या शास्त्रीय पृथ्वीप्रदक्षिणेचे मोल कळायचे तर हा तपशील चुकून चालणार नाही.

व्हेनिसच्या गोदीत १८४३ साली बांधायला घेतलेले हे जहाज १८४८ च्या उठावामुळे रखडले आणि १८५० मध्ये पाण्यात उतरले. ३० एप्रिल १८५७ रोजी कमोडोर व्ह्यूलरस्टोर्फ-ऊर्बाइर यांच्या हाताखाली ते ट्रिएस्ट या ऑस्ट्रियाच्या तेव्हाच्या बंदरातून निघाले आणि २६ ऑगस्ट १८५९ रोजी परतले. ५५१ दिवस समुद्रात, २९८ दिवस बंदरांत. कापलेले अंतर ५१,६८६ सागरी मैल, म्हणजे समुद्रातल्या दिवसाला सरासरी ९४ मैल. ताशी चार मैलांहूनही किंचित कमी. वारा पडला की जहाज जागीच डोलत राहायचे, आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जायचे तर तिरक्या फेऱ्या घालत. पण कोळसा आणि बॉयलर नसल्याने तळघर पाण्याच्या पिंपांना, शिध्याला व नमुन्यांच्या पेट्यांना मोकळे राहिले. शास्त्रज्ञांना जागा व्हावी म्हणून काही तोफाही उतरवल्या होत्या.

मद्रासहून ते निकोबारला गेले. १७७८ पासून ऑस्ट्रियाने तेथे वसाहतीचा प्रयत्न करून पाहिला होता, त्यामुळे या भेटीत शास्त्राबरोबर राजकीय चाचपणीही होती. पुढे न्यूझीलंडमध्ये भूवैज्ञानिक होख्श्टेटर मागे राहिले. जहाजाने मात्र तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, म्हणजे माओरींपैकी, दोन तरुणांना सोबत घेतले. ते व्हिएन्नाच्या सरकारी छापखान्यात मुद्रण शिकले आणि भेट मिळालेले छपाईयंत्र घेऊन मायदेशी गेले. त्याच यंत्रावर माओरी राजाच्या चळवळीचे ‘ते होकिओई’ हे वृत्तपत्र छापले गेले. वर्तमानपत्राच्या वाचकांना तरी ही हकीकत ठाऊक असावी असे फार वाटते. मोहिमेतले शास्त्रज्ञ शेर्त्सर यांनी आणवलेल्या कोकाच्या पानांतूनच जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट नीमान यांनी १८६० मध्ये कोकेन वेगळे केले.

जहाज चिलीतल्या वाल्पारायसोला असताना युरोपात ऑस्ट्रिया आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले. जहाज शत्रूचे असूनही त्यावर शास्त्रीय संग्रह आहे म्हणून फ्रान्सने त्याला अडवायचे नाही असे ठरवले. केप हॉर्नला वळसा घालून ते सुखरूप जिब्राल्टरला पोहोचले.

वाफेचे इंजिन आणि जहाज पुढे ढकलणारा पंखा बसला तो त्यानंतर, १८६१-६२ मध्ये. ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा भाऊ मॅक्सिमिलियन याला १८६४ मध्ये सम्राट म्हणून मेक्सिकोला नेणारी, १८६६ मध्ये इटलीच्या आरमाराशी झालेल्या लिसाच्या लढाईत कप्तान एरिक आफ क्लिंट यांना गमावणारी, आणि मॅक्सिमिलियनचे शव नौसेनानी टेगेटहोफ यांच्यासह १८६८ च्या जानेवारीत ट्रिएस्टला आणणारी ‘नोव्हारा’ ही वाफेची. लेखासोबतच्या चित्रात डोलकाठ्यांमध्ये धुराडे स्पष्ट दिसते. म्हणजे ते या फेरबदलानंतरचेच आहे, निकोबारच्या भेटीचे नव्हे. चित्राखालची ओळ कृपया दुरुस्त करावी.

– एक वाचक, रत्नागिरी